दिवा सुरक्षित, मग मृत्यू का वाढले?

आज जायचंय इंग्लंडच्या कोळसा खाणींत.

25 मे 1812. फेलिंगच्या खाणीत स्फोट झाला आणि 92 जण गेले, त्यात लहान पोरंही होती. खाणीत मिथेन साचायचा आणि कामगारांच्या हातात असायची उघडी ज्योत. ठिणगी पडायला वेळ लागत नसे.

मग 1815 मध्ये हम्फ्री डेव्हीने दिवा बनवला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे बाहेरचा वायू पेटत नाही. आयडिया भारी होती. डेव्हीने पेटंटही घेतलं नाही.

पण प्रत्यक्ष खाणीत काय झालं? पहिली अडचण उजेडाची. जाळीमुळे तो इतका मंद व्हायचा की समोरचा कोळसा नीट दिसेना. मजुरी मिळायची काढलेल्या कोळशावर. दिसलं नाही तर कोळसा कमी, कोळसा कमी तर पैसे कमी. मग कामगार जाळी काढून काम करायचे. मला त्यांना बेफिकीर म्हणवत नाही. घरी चूल पेटायला हवी होती ना!

दुसरी अडचण जाळीचीच. एखादी तार तुटली, गंज लागला, की संरक्षण संपलं. वायू आतच जळत राहिला तर जाळी लालबुंद व्हायची.

तिसरी अडचण वाऱ्याची. सेकंदाला साधारण 6 फुटांपेक्षा जोराचा झोत आला, तर ज्योत जाळीतून बाहेर ढकलली जायची. म्हणजे बघा, वायू घालवायला खाणीत हवा जोरात खेळवायची आणि त्याच हवेने दिवा धोकादायक व्हायचा!

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती वेगळीच गोष्ट. दिवा आला म्हटल्यावर मालकांनी धोकादायक म्हणून सोडून दिलेले थर पुन्हा उघडले. 1835 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने हिशोब मांडला. डरहॅम आणि नॉर्थम्बरलँडमध्ये दिव्याआधीच्या 18 वर्षांत 447 मृत्यू झाले होते, नंतरच्या 18 वर्षांत 538. खाणकामही वाढलं होतं, हे मान्य. तरी समितीने या वापराकडेही बोट दाखवलं.

पुढे जाळीभोवती धातूचं कवच आलं, काच आली, दिव्यांना कुलुपं लागली. दिवे सुधारत गेले. पण सुधारणा होईपर्यंत खाली उतरत कोण होतं? मालक नव्हे.

म्हणून एखादी वस्तू ‘सेफ’ आहे असं कुणी सांगितलं, की मी आता एक प्रश्न विचारतो: ही वापरून आपला धोका कमी करणार, की तिच्या भरवशावर आणखी धोक्यात पाठवणार?

भेटू पुढच्या भागात!