नागपूरचा 'हिंदी केसरी' आणि एक माफीनामा

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास शिकवताना आपण बहुधा मुंबई-पुण्याच्या हमरस्त्यानेच जातो. 'दर्पण' १८३२, 'प्रभाकर' १८४१, 'केसरी' १८८१. नागपूर या वाटेवर आलेच तर उशिरा येते, आणि नागपुरात एका मराठी माणसाने काढलेले हिंदी साप्ताहिक तर येतच नाही. मराठीवाल्यांना ते हिंदीचे वाटते. हिंदीवाल्यांनी मात्र त्याच्या संपादकाला केव्हाच आपल्या आद्य पुरुषांत बसवले आहे. तो संपादक म्हणजे माधवराव सप्रे.

१८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला तो भाषेचा विचार करून नव्हे. नागपूर, जबलपूर, नर्मदाकाठ आणि छत्तीसगड एकाच दावणीला बांधले गेले. राजधानी नागपूर मराठी, प्रांताचा मोठा भाग हिंदी आणि वरचा कारभार इंग्रजी. आमचे आसगाव ज्या भंडारा जिल्ह्यात आहे, तो या प्रांताच्या मराठी कडेवर होता. पवनीकडे मराठी आणि पूर्वेला गोंदियाच्या बाजूला हिंदी, हा अनुभव येथील माणसाला आजही नवा नाही. साम्राज्याच्या प्रांतात परभाषेचे पत्र निघणे ही जगावेगळी गोष्ट नव्हे. ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या हंगेरीत, पेश्ट शहरात, १८५४पासून 'पेश्टर लॉइड' हे जर्मन पत्र निघे. पण तिथे जर्मन ही सत्तेची आणि व्यापाराची भाषा होती. नागपुरातली हिंदी तशी नव्हती. सत्तेविरुद्ध बोलायचे आणि ते पुण्याच्या पलीकडे पोहोचवायचे, एवढ्यासाठी ती निवडलेली होती.

सप्रे १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मले. घरची भाषा मराठी, शिक्षण बिलासपूर-रायपूरकडे. वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर यांच्या साथीने त्यांनी १९००मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. तिघेही मराठी आडनावांचे, हे ध्यानात घ्यावे. ज्या कथेला अनेक अभ्यासक हिंदीतील पहिली कथा मानतात, ती सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' १९०१ साली याच मासिकात आली. मासिक तीन वर्षेच चालले. वर्गणी बुडवणारे वाचक ही आपली जुनी राष्ट्रीय परंपरा आहे; असो.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरात 'हिंदी केसरी' सुरू झाला. नाव टिळकांच्या संमतीने घेतलेले, आणि पुण्याच्या 'केसरी'तील लेख हिंदीत आणणे हे मुख्य काम. तेव्हा नागपुरात अच्युत बळवंत कोल्हटकरांचा 'देशसेवक' मराठीतून गाजत होता. सरकारच्या दृष्टीने मराठी पत्राचा त्रास नागपूर-वऱ्हाडापुरता होता. हिंदी पत्र मात्र जबलपूरपासून थेट उत्तर हिंदुस्थानात वाचले जाऊ शकत होते. भाषांतर हाच येथे गुन्हा ठरणार होता.

१९०८चे वर्ष आले. मुझफ्फरपूरचा बाँब, जूनमध्ये वृत्तपत्रांवर नवा कायदा, २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा. ऑगस्टमध्ये सप्र्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. काही महिन्यांनी त्यांनी माफीनामा लिहून दिला आणि ते सुटले. थोरल्या भावाने जीव देण्याची धमकी दिली म्हणून त्यांनी सही केली, असे चरित्रकार सांगतात.

या सहीपाशी थांबायला हवे. टिळक मंडालेला आणि त्यांचे शब्द हिंदीत नेणारा माणूस घरी, हे चित्र तेव्हाच्या जहालांना कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते. चरित्रकार हे पान लगबगीने उलटतात. मला ते योग्य वाटत नाही. भावाची कथा खरी मानली तरी सही सप्र्यांचीच होती. पण त्या सहीचा दंड त्यांच्याइतका दुसऱ्या कोणी त्यांना केला नाही, हेही तितकेच खरे. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, रामदासी साधनेत शिरले, मधुकरी मागून राहिले. त्याच काळात त्यांनी 'दासबोध' हिंदीत आणला.

नंतर टिळकांचे 'गीतारहस्य' १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाले आणि त्याचा हिंदी अनुवाद टिळकांनी सोपवला तो याच सप्र्यांवर. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ग्रंथ, माफी देऊन सुटलेल्या अनुवादकाच्या हाती! टिळकांच्या मनात त्या वेळी काय होते ते आपण ठरवू नये. कृती पुरेशी बोलकी आहे. उत्तरेतल्या कित्येक घरांत टिळक पोहोचले ते सप्र्यांच्या वाक्यांतून.

१९२० साली जबलपुरात 'कर्मवीर' सुरू झाला. त्यामागे सप्रे होते. संपादक माखनलाल चतुर्वेदी. १९२४मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्र्यांकडे आले आणि २३ एप्रिल १९२६ला रायपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय १९८४ साली स्थापन झाले, ते भोपाळला. 'हिंदी केसरी' मात्र नागपूरचा होता.