बी.एस्सी.च्या पुढची पायरी

इंदुरीतल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. पोरगी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, आता पुढं काय? सांगतो, पण आधी थोडं मागं जाऊ.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. रसायन आणि पदार्थविज्ञान हे विषय, नंबर पहिला. (दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण, पुढं कमला सोहोनी.) बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. तिथले संचालक सी. व्ही. रामन, फिजिक्सचं नोबेल मिळवलेले. पण उत्तर आपल्या ओळखीचंच: बाईला प्रवेश नाही. कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. थेट बंगळूर गाठलं आणि नकाराचं कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष उमेदवारीचं, आणि तिच्यामुळं मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! लक्ष मुलांचं, आणि जबाबदारी तिची. तरी १९३६ साली त्यांनी संशोधन करून एम.एस्सी. मिळवली, १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

तेव्हा पुण्याला विद्यापीठच नव्हतं, इथली कॉलेजं मुंबईला जोडलेली. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघालं, गणेशखिंडीत, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात. २०१४ पासून त्याला सावित्रीबाईंचं नाव आहे. आपल्याला तळेगावहून लोकलनं शिवाजीनगर, पुढं बस.

पुण्याच्याच रोहिणी गोडबोले एस. पी. कॉलेजातून बी.एस्सी. झाल्या, मुंबईच्या आयआयटीतून एम.एस्सी. आणि १९७९ साली अमेरिकेत पीएच.डी. अणूच्याही आतल्या कणांचा अभ्यास केला, २०१९ साली पद्मश्री मिळाली. अमेरिकेत बी.एस्सी.नंतर थेट पीएच.डी.ला घेतात, एम.एस्सी. वाटेतच पदरात पडते. आपल्याकडं सहसा आधी दोन वर्षांची एम.एस्सी., मग पीएच.डी. मधली एम.फिल. आता बंद झाली, त्यामुळं कुणी त्यासाठी थांबायला सांगितलं तर ऐकू नका. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षा असते. बारावीनंतरच ठरवायचं असेल तर पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांत दोन्ही पदव्या एकत्र होतात.

घरचे लगेच म्हणतात, एवढी वर्षं पोसायचं कुणी? एम.एस्सी.चा खर्च आहेच, तो आम्ही लपवत नाही. पण पीएच.डी.चं गणित वेगळं आहे. 'नेट' परीक्षेत फेलोशिपसाठी निवड झाली की सरकार दरमहा पैसे देतं. १ जानेवारी २०२३ पासून सुरुवातीची रक्कम ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. लग्नाची बोलणी सुरू करण्याआधी हा आकडा मुलीच्या वडिलांच्या कानावर घालाच.