नाकातला वारा

माझ्या नाकाचा पडदा वाकडा आहे. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली आणि म्हणाले, "पडदा सरळ करू, बाजूचेही थोडे कापू." मी विचारले, "मग श्वास मोकळा होईल ना?" ते म्हणाले, "बहुधा." माणूस प्रामाणिक, पण त्या 'बहुधा'ने माझी झोप उडविली. नाकावर शस्त्र चालू लागून इतकी शतके लोटली, तरी अजून 'बहुधा' का? मी जुनी पाने चाळू लागलो, आणि वाचकहो, आरंभीच आपले पुणे भेटले.

१७९२ सालच्या टिपूवरील स्वारीत इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याजवळ वीटकऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक लावून दिले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. कारागिराने मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसविली, ती सपाट करून कपाळावर ठेवली, कडेने रेघ ओढली आणि तेवढीच कातडी सोलून, भुवयांमध्ये देठ राखून, खाली वळविली. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या. विड्यातला कातच तो! दहा दिवसांनी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, वाट बुजू नये म्हणून. या कारागिराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही, याची मला चुटपुट लागते. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये हीच रीत वापरली आणि पुढे ती युरोपभर गेली.

सुश्रुताने गालाची कातडी घ्यायला सांगितली, तेव्हा मापासाठी झाडाचे पान कापून घ्यायला सांगितले आणि श्वासासाठी दोन नळ्याही. म्हणजे कापण्याआधी नमुना करून पाहण्याची बुद्धी आपल्याकडे जुनी. पण पान काय किंवा मेण काय, माप बाहेरच्या नाकाचे. आतला वारा कोण मोजणार?

१८८२ साली पॉल्सनने मृत माणसांच्या नाकात लिटमस कागदाचे तुकडे चिकटवून त्यातून अमोनियाची वाफ ओढली. जिथे कागदाचा रंग पालटला तिथून वारा गेला! हवा तळाने सरळ न जाता कमानीसारखी वर चढून मागे उतरते, हे त्याला दिसले. वाहत्या द्रवाची आणि हवेची समीकरणे तर त्याआधीच, नाव्हिएने १८२२ मध्ये व स्टोक्सने १८४५ मध्ये, मांडली होती. पण ती सोडवायची कशी? रिचर्डसन नावाच्या इंग्रजाने पहिल्या महायुद्धात जखमी वाहून नेण्याचे काम करता करता ती हवामानासाठी हाताने सोडवून पाहिली. उत्तर साफ चुकले. गडी खचला नाही. १९२२ च्या ग्रंथात त्याने ६४,००० गणित्ये बसलेल्या एका प्रचंड दिवाणखान्याची कल्पना रंगविली. त्या दिवाणखान्याचे काम पुढे संगणकाने घेतले. १९७१ मध्ये हाउन्सफील्डच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मस्तकाचे काप चित्रात दाखविले, आणि १९९५ साली किहानी, शेरर व मोझेल यांनी अशाच कापांवरून एका निरोगी माणसाची उजवी नाकपोकळी संगणकात उभी करून तिच्यात वारा सोडला. आत घेतलेल्या हवेचा जेमतेम दहावा हिस्सा वासाच्या जागेपर्यंत पोचतो, असे त्यात निघाले.

आता खरी मेख सांगतो. वाट रुंद केली की श्वास मोकळा, असे आपल्याला वाटते. तसे नाही. १९८३ मध्ये एकल्स आणि जोन्स यांनी दाखविले, की पुदिन्याच्या सत्त्वाने वाऱ्याला होणारा अडथळा काडीइतकाही कमी होत नाही, तरी माणसाला नाक सुटल्यासारखे वाटते. कारण वारा मोजणारे ज्ञानतंतू नाकात नाहीत. वाऱ्याने अस्तराला येणारा गारवा आपण ओळखतो. बाजूच्या भिंतींवर शिंपल्यासारख्या वळलेल्या मांसल घड्या असतात. वारा त्यांना घासून जातो म्हणून तो कळतो. त्या अतोनात कापलेले काही रोगी पुढे डॉक्टरांकडे परत येत. वाट प्रशस्त, आणि तक्रार गुदमरण्याची! १९९४ मध्ये मेयो क्लिनिकमधील कर्न व स्टेनक्विस्ट यांनी या दुखण्याला 'रिकामे नाक' म्हटले. कापलेली घडी पुन्हा उगवत नाही.

म्हणून आता संगणकात आधी खोटी सुरी चालवितात. रोग्याच्या फिल्मवरून पोकळी उभी करायची, तिचे लाखो बारीक खण पाडायचे, प्रत्येकात वाऱ्याचा वेग आणि भिंतीचा गारवा काढायचा; मग पडद्याचा बाक सरळ करून, घडी रतीभर छाटून, पुन्हा हिशेब करायचा. नको तर पुसून टाकायचे. मेणाच्या पट्टीची ही पणती म्हणायला हरकत नाही. पण दवाखान्यांत ती सर्रास पोचलेली नाही. बहुतेक काम अजून संशोधकांच्या टेबलावरच आहे. आणि एक अडचण मला फार गमतीची वाटते. आपल्या स्वरशास्त्राला चंद्रनाडी-सूर्यनाडी ठाऊक होती. कायसर या जर्मन वैद्याने १८९५ मध्ये तेच निराळ्या भाषेत लिहिले. काही तासांनी एका बाजूचे अस्तर फुगते, दुसरीकडचे ओसरते. फिल्म मात्र एकाच क्षणाची.

माझी फिल्म दुपारी तीनला काढली होती. त्या वेळी कोणती नाकपुडी चालू होती, हे मी पाहिलेच नाही. पुढच्या खेपेस डॉक्टरांना आधी तेच विचारणार आहे.