हवेसाठी घडविलेले कपाट

वस्त्रांसाठी कपाट, दस्तऐवजांसाठी पेटी आणि ग्रंथांसाठी मांडणी घडविणे हे सुताराचे नित्याचे काम. परंतु चिरुटांच्या साठवणीसाठी तो जे कपाट हाताने घडवितो, आणि ज्यास व्यापारात ह्युमिडॉर म्हणतात, त्याचे खरे प्रयोजन एका बेटाची हवा त्या बेटापासून हजारो कोस दूर राखणे हे होय. आणि म्हणूनच या कपाटाच्या इतिहासात राजाज्ञा, सागरी व्यापार, एक वृक्ष आणि सुतारकी यांचे धागे एकमेकांत गुंतलेले आढळतात.

ते बेट क्यूबा. तेथील रहिवासी पाने गुंडाळून धूम्रपान करीत असल्याचे कोलंबसाच्या माणसांनी १४९२ साली पाहिले. पुढे १७१७ साली स्पॅनिश राजसत्तेने तेथील तंबाखूचा मक्ता आपल्या हाती घेतला, आणि त्याविरुद्ध १७१७, १७२० व १७२३ साली शेतकऱ्यांनी बंडे केली. अखेर १८१७ साली स्पेनचा राजा सातवा फर्डिनंड याच्या फर्मानाने हा मक्ता उठला, तेव्हा हवाना शहरात लारान्यागा, उपमान, पार्तागास अशा पेढ्या एकामागून एक उदयास आल्या. मात्र या वैभवाचा पाया ज्या समाजात घातला गेला, त्यात गुलामगिरी १८८६ पर्यंत कायदेशीर होती, हे विस्मरून त्याचे गुणगान करणे न्याय्य होणार नाही.

हवानाच्या चिरुटांच्या निर्यातीबरोबर जगभर गेली ती त्याच बेटावर वाढणाऱ्या सेड्रेला वृक्षाची पेटी. लिनीअसने १७५९ साली शास्त्रीय नाव दिलेला हा वृक्ष व्यापारात स्पॅनिश सीडर म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा आपल्या देवदाराशी संबंध नाही. तो निंबाच्या कुळातला, आणि आपल्याकडील तूण हा त्याचा इतका निकटचा आप्त, की जुने वनस्पतिशास्त्रज्ञ दोहोंची गणना एकाच प्रजातीत करीत, व ब्रिटिश अमदानीत तुणीच्या लाकडाच्याही चहाच्या व चिरुटांच्या पेट्या बनत. सेड्रेलाचे लाकूड हलके व सुगंधी असून हवेतील आर्द्रता शोषून घेते आणि सावकाश परत देते. कोणत्याही धातूच्या डब्यास न साधणारा हा देवघेवीचा गुणच पुढील साऱ्या कारागिरीचे मूळ ठरला.

कारण उत्तरेकडील देशांत, शेकोटीने शुष्क झालेल्या हिवाळी दालनांत, केवळ पेटी अपुरी पडू लागली. हवा कोरडी झाली की वेष्टनाचे पान तडकते आणि तंबाखूतील सुगंधी तेले उडून जातात. ती फार दमट झाली तर बुरशी चढते. आणि उष्मा वाढला तर तंबाखूतील भुंगेऱ्यांची अंडी फुटून सारा साठा पोखरला जातो. सुमारे शेकडा पासष्ट ते सत्तर आर्द्रता आणि शीतल, स्थिर तापमान, एवढीच चिरुटाची मागणी असते. परंतु ती वर्षानुवर्षे अखंड पुरविणे हे कौशल्याचे काम आहे.

हे काम अंगावर घेणाऱ्या सुतारास प्रथम लाकडाच्या स्वभावाशी तह करावा लागतो. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत दमट हवेने फुगते व कोरड्या हवेने आकसते. आणि या कपाटाची आतली बाजू तर सदैव दमट, बाहेरची सदैव कोरडी. म्हणून महोगनीच्या वा अक्रोडाच्या सांगाड्यात मोठ्या फळ्या चौकटीच्या खाचांत सरस न लावता बसवितात, म्हणजे त्यांना हालचालीस अवकाश राहतो. आतील अस्तर सीडरच्या पातळ, चांगल्या मुरलेल्या फळ्यांचे असते, कारण कच्च्या लाकडातून पाझरणारी राळ चिरुटांना चिकटते; आणि या अस्तरास रोगण किंवा तेल मुळीच लावीत नाहीत, कारण त्याने लाकडाची रंध्रे बुजतात आणि त्याचा दर्प तंबाखूत उतरतो. दार लावताना कोंडलेल्या हवेचा मंद प्रतिकार हाताला जाणवला, म्हणजे सांधा साधला असे समजावे. त्यानंतरही काही दिवस आत शुद्ध पाण्याची पात्रे ठेवून अस्तरास तृप्त होऊ द्यावे लागते. अन्यथा तहानलेले लाकूड चिरुटांचाच ओलावा शोषून घेते.

आर्द्रतेची मोजणीही या कारागिरीस शास्त्राकडून लाभली. जिनीव्हाच्या सोस्यूरने मानवी केसाच्या आकुंचन-प्रसरणावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे विवेचन १७८३ साली प्रसिद्ध केले; आणि बंद पात्रात ओलसर मीठ ठेवले असता आतील हवा शेकडा पंच्याहत्तर आर्द्रतेवर स्थिरावते, या नियमाच्या आधारे आजही मापकाची सत्यता पारखता येते. पुढे विसाव्या शतकात, लंडनमध्ये डनहिल आणि त्याच जिनीव्हात दाविदॉफ, यांनी चिरुटांची जपणूक ही व्यापाऱ्याची प्रतिष्ठा मानली.

तंबाखूने देहास होणारी हानी निर्विवाद आहे, आणि येथे व्यसनाचे समर्थन अभिप्रेत नाही. गौरव करावयाचा तो त्या कारागिरीचा, जिने अदृश्य हवेस मोजून तिच्यासाठी घर बांधले. ज्या वृक्षाने हे घर दिले, तो शतकानुशतकांच्या तोडीने इतका विरळ झाला, की २०२० पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे निर्बंध आले. या वृक्षाची अगणित खोडे एकदा रिकाम्या होऊन फेकल्या जाणाऱ्या पेट्यांत खर्ची पडली. उरलेल्या लाकडाचा सन्मान करावयाचा, तर त्यातून पिढ्यान् पिढ्या टिकेल असेच कपाट घडवावे, आणि ज्यास तेवढा धीर नसेल त्याने त्या लाकडास हात लावू नये.