पेनिसिलिनचे घड्याळ

पेनिसिलिनचा इतिहास आपल्याकडे १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात, अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या तबकडीवर पडलेल्या बुरशीपाशी सुरू होतो आणि १९४५ च्या नोबेल पारितोषिकापाशी संपतो. शाळेच्या पुस्तकात एवढेच असते. बेळगावात औषधांच्या दुकानात बसून मी उभी हयात घालविली. माझे कुतूहल मात्र मधल्या एका वेगळ्याच प्रश्नाभोवती घोटाळत राहिले. हे औषध इतक्या तासांनी, इतके दिवस घ्यायचे, हे ठरले कसे? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जे '१-१-१' असते, त्यामागची हकीकत काय?

ती शोधू लागलो की लंडन मागे पडते आणि आपण ऑक्सफर्डला येऊन पोहोचतो. फ्लेमिंग यांना बुरशीचा गुण दिसला होता, पण तिच्यातले औषध शुद्ध करून हाती घेणे जमले नव्हते. ते काम दहा-बारा वर्षांनी हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केले. त्यांतले हीटली हे माझे विशेष आवडते. युद्धाचे दिवस, पैसा नाही, सामान नाही. तेव्हा या माणसाने बुरशी वाढवायला रुग्णालयातल्या बेडपॅनच्या धर्तीवर चिनी मातीची भांडी करवून घेतली. नोबेल तिघांना मिळाले, फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना. हीटली राहिले. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचले, त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते, औषध दिलेले चारही जिवंत होते.

माणसावरचा पहिला खरा उपचार १२ फेब्रुवारी १९४१ चा. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई पडून होता. गुलाबाचा काटा लागल्याचे निमित्त झाले असे पुस्तके सांगतात. त्याच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितलेली हकीकत बॉम्बहल्ल्यात झालेल्या जखमेची आहे, आणि मला तीच जास्त पटते. काही असो, चेहरा, डोके, फुप्फुसे पुवाने भरली होती, एक डोळा काढावा लागला होता. त्याला आधी २०० मिलिग्रॅम आणि मग दर तीन तासांनी १०० मिलिग्रॅम औषध शिरेतून देऊ लागले. ताप उतरला, माणूस जेवू लागला. पण पाचव्या दिवशी जगातले पेनिसिलिनच जवळजवळ संपले. त्याची लघवी जमा करून सायकलवरून प्रयोगशाळेत नेत, तिच्यातून औषध पुन्हा वेगळे काढीत आणि तेच त्याला परत टोचीत. तेही पुरले नाही. जंतू संपले नव्हते, औषध संपले. रोग उलटला आणि १५ मार्च १९४१ रोजी तो वारला.

ही लघवीची गोष्ट ऐकून लोक हसतात, पण आमच्या धंद्याचे सगळे गणित तिच्यात आहे. लघवीतून औषध परत मिळत होते, याचा अर्थ मूत्रपिंडे ते भराभर बाहेर टाकीत होती. साध्या पेनिसिलिनचे रक्तातले प्रमाण अर्ध्याएक तासात निम्म्यावर येते. आणि पेनिसिलिन जंतूला मारते ते त्याची बाहेरची भिंत बांधू न देता. म्हणजे जंतू वाढत असेल तेव्हा औषध तिथे हजर हवे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत हॅरी ईगल यांनी दाखवून दिले, की एकदाच मोठा डोस ओतण्यापेक्षा रक्तातले औषध पुरेशा पातळीवर किती वेळ टिकते याला महत्त्व आहे. सकाळची कॅप्सूल विसरली म्हणून रात्री दोन एकदम घेणाऱ्याला मी हेच सांगत आलो. नंतर सावकाश विरघळणारी इंजेक्शने निघाली. सांधेतापाने हृदयाच्या झडपा बिघडू नयेत म्हणून तीन-चार आठवड्यांनी जे बेंझाथिन पेनिसिलिन देतात, ते याच मूत्रपिंडांना दिलेली हुलकावणी. आजचे ॲमॉक्सिसिलिन त्याच कुळातले; सहसा आठ तासांनी लिहिलेले असते, ते उगाच नव्हे.

आता दुसरी बाजू. अलेक्झांडरला पहिले इंजेक्शन देण्याच्या आधीच, डिसेंबर १९४० मध्ये, एडवर्ड अब्राहम आणि चेन यांनी 'नेचर'मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले होते. काही जंतूंकडे पेनिसिलिनचा नाश करणारे एक विकर असते, असे त्यांना आढळले होते. म्हणजे कुलूप लावण्याआधीच किल्ली चोराच्या खिशात होती. फ्लेमिंग यांनी ११ डिसेंबर १९४५ च्या आपल्या नोबेल भाषणात याचाच पुढचा भाग सांगितला. त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून थोडेसे घेतो. जंतू मरत नाहीत, पण औषधाला सरावतात. मग तो बायकोला तेच जंतू देतो, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते. औषध जपून खाणारा बरा राहिला आणि मेली ती दुसरीच, हा त्या गोष्टीतला खरा काटा. पारितोषिक घेताना असे बोलणारा माणूस मला तबकडीवरच्या बुरशीपेक्षा मोठा वाटतो.

त्यांचे म्हणणे खरे व्हायला तीन वर्षेही लागली नाहीत. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी पुवाचे जंतू तपासले. त्यांत पेनिसिलिनला दाद न देणारे १९४६ साली १४ टक्के होते, १९४७ साली ३८, १९४८ साली ५९. ब्रिटनने १९४७ साली कायदा करून पेनिसिलिनची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. मग मेथिसिलिन निघाले, आणि त्यालाही न जुमानणारे जंतू १९६१ साली नोंदले गेले.

आपल्याकडे पेनिसिलिन सुरुवातीला परदेशातून यायचे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, आणि १९५५ साली उत्पादन सुरू झाले. देशी पेनिसिलिन मिळणे ही किती मोठी गोष्ट होती, ते न्यूमोनियाने लेकरे गेलेल्या घरांना विचारावे. पण औषध स्वस्त आणि मुबलक झाले की त्याचा धाकही जातो. ज्याच्या थेंबासाठी ऑक्सफर्डात सायकली धावल्या, ते आमच्याकडे लोक चॉकलेटसारखे मागू लागले. सर्दी झाली, दोन कॅप्सूल द्या. बैलहोंगलकडचा शेतकरी म्हणायचा, "एरड गुळगी कोडरी," आणि शहापूरची बाई म्हणायची, "दोनच द्या हो, बरं वाटलं तर पुढचं बघू." भाषा दोन, मागणी एक. सर्दी बहुधा विषाणूंची असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. ती आपोआप बरी होते आणि श्रेय कॅप्सूल घेऊन जाते.

अनुसूची 'एच'मधली औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत हा नियम जुनाच. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' आली. तिच्यातल्या औषधांसाठी, ज्यांत जबरदस्त अँटिबायोटिके आणि क्षयाची औषधे आहेत, वेगळे नोंदवहीपुस्तक ठेवावे लागते, डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध, संख्या, आणि ते तीन वर्षे जपावे लागते. पट्टीवरची लाल रेघ काय सांगते, याचा प्रचार केंद्र सरकारने २०१६ साली हाती घेतला. रेघ पाहून किती गिऱ्हाईके थांबली असतील, याबद्दल मी फार आशावादी नाही.

पेनिसिलिनचे आणखी एक भय असते, ते पित्ताच्या गांधींचे आणि कधी धाप लागून जीव घाबरा होण्याचे. पूर्वी असे झाले असेल तर औषधाचे नाव कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. गंमत अशी, की 'मला पेनिसिलिन चालत नाही' म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना नीट तपासणी केल्यावर ते चालते. लहानपणीच्या कुठल्याशा पुरळाचा शिक्का जन्मभर राहिलेला असतो. पण ती तपासणी डॉक्टरांनी करायची, घरी घेऊन बघायची नव्हे.

'कोर्स पुरा करा' हे वाक्यही आता पूर्वीसारखे सरसकट राहिलेले नाही. २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये काही तज्ज्ञांनी लिहिले, की गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतल्यानेही शरीरातले इतर जंतू सरावतात, आणि पुष्कळ दुखण्यांत कमी दिवस पुरतात. यावरून एका सुशिक्षित गिऱ्हाइकाने माझ्याशी वाद घातला. बरे वाटल्यावर आपणच बंद करावे, असे त्याने त्यातून काढले. मी त्याला म्हटले, अहो, न्यूमोनियाला पाच दिवस पुरतील की सात, घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसला पेनिसिलिन दहा दिवस का देतात, क्षयाला महिनेच्या महिने का, हे दुखण्यावर ठरते, आपल्या बरे वाटण्यावर नाही. अलेक्झांडरलाही पाचव्या दिवशी बरे वाटत होते. त्याने उरलेली पट्टी खिशात घातली आणि संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून विचारतो म्हणाला.