थोडा मोठा कंडेन्सर

परवा गावाहून पुतण्याचा फोन आला. "काका, विहिरीवरची मोटर नुसती हुं हुं करतेय, फिरत नाही. वायरमन म्हणतो कंडेन्सर गेलाय, या वेळी थोडा मोठा टाकू."

"थांब," मी म्हटलं, "मोठा टाकू नकोस." कारण फोनवर सांगवेना, म्हणून इथे लिहितोय.

मी भाषेचा मास्तर, त्यामुळे आधी शब्दाकडे लक्ष जातं. पुस्तकात 'धारित्र', खोक्यावर 'कपॅसिटर', पण वायरमनच्या तोंडी अजून 'कंडेन्सर'च. हा जुना शब्द व्होल्टाने 1782 मध्ये दिलेला. वस्तू त्याहून जुनी. 1745-46 च्या सुमारास क्लाइस्ट आणि लायडेनचा मुशेनब्रुक या दोघांना, एकमेकांना ठाऊक नसताना, काचेच्या बरणीत वीज साठवता येते असं कळलं, तेही सणसणीत झटका खाऊन. (मोटरचा कंडेन्सर स्विच बंद केल्यावरही तसाच झटका देतो बरं का. हाताळण्याआधी वायरमनकडून तो रिकामा करून घ्यावा.)

मोटरशी त्याचं नातं जुळायला शंभर वर्षांवर काळ गेला. घरात येते ती सिंगल फेज वीज. तिचं चुंबकत्व फक्त पुढे-मागे होतं, त्यामुळे थांबलेल्या मोटरला कुठल्या बाजूने फिरायचं तेच कळत नाही, ती नुसती गुणगुणते. तुरीनच्या गॅलिलिओ फेरारिसने 1885 मध्ये दाखवलं की काटकोनात बसवलेल्या दोन वेटोळ्यांत एक प्रवाह दुसऱ्याच्या थोडा पुढे ठेवला, तर चुंबकत्व स्वतःच गोल फिरतं. पण अशा मोटरमधून निम्म्याहून जास्त शक्ती मिळणार नाही असा हिशेब मांडून त्याने तिला व्यवहारात निरुपयोगी ठरवलं! पेटंटही घेतलं नाही. त्याचा निबंध 1888 मध्ये वाचला गेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात टेस्लाला पेटंटं मिळाली. असो.

आपल्याकडे दुसरा प्रवाह नसतोच. तो कंडेन्सर तयार करतो, दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह जवळजवळ पाव फेरा पुढे ढकलून. म्हणूनच त्याचं माप महत्त्वाचं. लहान पडला तर मोटर उचलत नाही. मोठा झाला तर त्या वाइंडिंगमधून जास्त करंट जातो आणि ते तापतं. शिवाय जाती दोन. स्टार्टिंगचा दोन-तीन सेकंदांपुरता असतो, वेग पाऊणपर्यंत आला की आतला स्विच त्याला बाजूला करतो. रनिंगचा कायम लाइनीत राहतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. लाइन 230 व्होल्टची असून रनिंगच्यावर 440 लिहिलेलं असतं, कारण त्याच्या टोकांवर लाइनीपेक्षा जास्त दाब चढतो. व्होल्ट जास्त चालतील, कमी नकोत. मायक्रोफॅरड मात्र मोटरच्या पट्टीवर असतील तेवढेच.

1986 च्या एप्रिलात मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मोटर सुस्त झाली होती. "मोठाच टाका, जोर वाढेल," असं मीच फिटरला सांगितलं. चार दिवस झकास चालली, मी शाळेत फुशारकीही मारली. पाचव्या दिवशी जळक्या व्हार्निशचा वास आला. वाइंडिंग भरून यायला अकरा दिवस लागले. आदल्या पावसाळ्यात अण्णांनी हापूसची चौदा कलमं लावली होती. साठी उलटलेला तो माणूस शेजारच्या विहिरीवरून कळश्या वाहत होता. मीही वाहिल्या, पण शाळा सुटल्यावर. पाच कलमं जगली. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्यांनी बोलावं असं मला आजही वाटतं.

पुतण्याला म्हटलं, मोटरवरची पट्टी पुसून फोटो पाठव, आणि जुन्या कंडेन्सरचाही. दोन्ही आले. भिंग घेऊन पाहिलं. गेलेल्या कंडेन्सरवरचा आकडा पट्टीवरच्या आकड्यापेक्षा मोठा होता. मागच्या खेपेला कुणीतरी "थोडा मोठा" टाकलाच होता.