पाटा, हातोडा आणि राणीछाप

बँकेत चोवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या हातात कला नसते, असं आमच्या घरात एकमतानं ठरलेलं आहे. ठराव सौभाग्यवतीनं मांडला, आईनं अनुमोदन दिलं, आणि चिरंजीव कन्येनं टाळ्या वाजवल्या. त्यामुळे एका रविवारी सकाळी मी गॅलरीत पाटा मांडला, हातोडा हातात घेतला आणि "आज मी चांदीचं पदक घडवणार आहे" असं जाहीर केलं, तेव्हा कुणी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. सौ. एवढंच म्हणाली, "पाटा फुटला तर नवा आणावा लागेल. आणि तो मिक्सरच्या दुकानात मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा."

याचं मूळ एका दागिन्यांच्या दुकानात होतं. कन्येला तिथं एक चांदीचं पेंडंट आवडलं. बघतो तो सगळं पोचे आलेलं, खडबडीत, जणू कुणी रस्त्यावर टाकून वरून बैलगाडी नेली आहे. विक्रेत्या मुलीनं सांगितलं की याला 'टेक्श्चर' म्हणतात. मी कॉमर्सचा पदवीधर. मनातल्या मनात चांदीचा भाव लावला, वजनानं गुणलं, आणि लक्षात आलं की चांदीपेक्षा पोच्यांचे पैसे जास्त आहेत! आमच्याकडे पोचा आलेलं पातेलं मोडीत घालताना भांडीवाला नाक मुरडतो, आणि इथं पोच्याची घडणावळ!

"एवढं काय त्यात? हे मीसुद्धा घरी करीन," असं मी बोलून गेलो. माणसानं दुकानात असं बोलू नये. घरी आल्यावर कन्येनं फोनवर काहीतरी शोधून माझ्या नाकासमोर धरलं. "बाबा, हे बघा. या लोकांकडे तर ऐरणसुद्धा नव्हती. तुमच्याकडे निदान पाटा आहे."

ते निघालं १८८३ साली अमेरिकन सरकारनं छापलेल्या एका अहवालातलं प्रकरण. लिहिणारा वॉशिंग्टन मॅथ्यूज नावाचा लष्करी डॉक्टर. न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट विंगेट या ठाण्यावर त्याची नेमणूक होती. आजूबाजूला नावाहो लोकांची वस्ती. नावाहो हे नाव इतरांनी दिलेलं. ते स्वतःला 'दिने' म्हणतात. डॉक्टरला रोगी कमी असावेत, कारण त्यानं या लोकांतले चांदीचे कारागीर बोलावून त्यांना आपल्या डोळ्यांसमोर कामाला बसवलं आणि एकेका हत्याराची नोंद केली. आमच्या शाखेत ऑडिटला येणारे लोक पेनांच्या टोपणांची नोंद करतात, त्याच निष्ठेनं.

ही यादी मी दोनदा वाचली. भाता बकऱ्याच्या कातड्याचा. मूस घरीच मातीची केलेली. ऐरण म्हणजे सापडेल तो लोखंडाचा तुकडा, एखादी जुनी पाचर किंवा घोडागाडीचा मोठा बोल्ट, लाकडाच्या ओंडक्यात ठोकून बसवलेला. तेही नसेल तर कठीण दगड. डाख द्यायला पितळेची जाड तार ठोकून पट्टी केलेली आणि ती वळवून बनवलेली फुंकणी. झिलई द्यायला वाळू, राख आणि वालुकाश्माची पूड. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात यातल्या निम्म्या वस्तू होत्या. तिनं त्यांतून फक्त स्वयंपाक केला हा तिचा नाइलाज.

या लोकांतला पहिला चांदी-कारागीर म्हणून ज्याचं नाव घेतात तो अत्सिदी सानी. नावाचा अर्थ सरळ 'म्हातारा लोहार'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला एका मेक्सिकन लोहाराकडून तो लोखंडाचं काम शिकला, घोड्यांचे लगाम करू लागला. चांदीला त्यानं हात नेमका कधी घातला यावर जाणकारांत वाद आहे, कारण मध्ये १८६४ साल येतं. त्या वर्षी अमेरिकन सैन्यानं नावाहोंची शेतं जाळून, पीचची झाडं तोडून, हजारो माणसांना शेकडो मैल चालवत नेलं आणि बोस्क रेडोंडो या उजाड जागी चार वर्षं डांबून ठेवलं. पीक येईना, पाणी खारट, रोगराई. सगळं पोट सरकारी शिध्यावर.

आणि इथं माझ्यातला बँकवाला ताठ बसला. शिध्यासाठी सैन्यानं आधी पुठ्ठ्याची तिकिटं काढली. नावाहोंनी त्यांच्या नकला केल्या. मग सैन्यानं धातूचे ठसे मारलेले बिल्ले काढले. नावाहो लोहारांनी तेही हुबेहूब पाडले! मी आयुष्यभर नोटा उजेडाकडे धरून बघत आलो आहे. बनावट नोट सापडली की माझ्या अंगावर काटा येतो, पावती फाडतो, ग्राहकाच्या चेहऱ्याकडे न बघता ती नोट आत टाकतो. पण हे वाचताना माझी सगळी सहानुभूती खोटे बिल्ले पाडणाऱ्यांकडे होती. आमच्या मॅनेजरसाहेबांना हे कृपया कळवू नये.

१८६८ साली तह झाला, लोक आपल्या मुलखात परतले, आणि मग चांदीचं काम भराला आलं. चांदी आणायची कुठून? खाण नव्हती, सराफकट्टा नव्हता. होती ती नाणी. अमेरिकन डॉलर वितळवायचा किंवा थेट ठोकायचा, आणि त्याचं कडं, बटण, कमरपट्ट्याचा चकदा करायचा. डॉलरवरची देवी ऐरणीवर सपाट व्हायची. पुढे १८९० च्या सुमाराला सरकारनं नाणी मोडण्यावर डोळे वटारले, तेव्हा यांनी मेक्सिकन पेसो घेतले; त्यात तर चांदी किंचित जास्तच. नक्षीसाठीही दुकान नव्हतं. मेक्सिकन कातडीकाम करणारे खोगिरांवर लोखंडी ठसे मारत, ते बघून यांनी मोडक्या कानशी आणि खिळे घासून ठसे केले आणि चांदीवर मारले. रेल्वे आल्यावर रुळाच्या तुकड्याची ऐरण झाली. आज संग्रहालयांत काचेआड ठेवलेली ती चंद्रकोरींची नक्षी अशा भंगारातून उमटलेली आहे.

ठसे मारण्याच्या बाबतीत मात्र मी या लोकांपुढे न्यूनगंड बाळगणार नाही. चोवीस वर्षांत मी जेवढे शिक्के मारले आहेत तेवढे चांदीवर मारले असते तर आज घराचा दरवाजा चांदीचा असता.

आता प्रश्न आमच्या चांदीचा. घरात देवाच्या डब्यात तीन राणीछाप रुपये होते. लक्ष्मीपूजनाला बाहेर यायचे, दुधानं न्हायचे, हळदकुंकू लावून घ्यायचे आणि वर्षभरासाठी पुन्हा डब्यात. राणीछाप म्हणजे बंदा रुपया: वजन १८० ग्रेन, बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम; बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. आपल्याकडेही रुपये सोनाराला देऊन वाळे-तोडे करून घेण्याची पद्धत होतीच. उलटही व्हायचं. १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधल्या बायकांच्या अंगावरची चांदी मुंबईच्या टांकसाळीत गेली ती अशी. १८९३ साली सरकारनं हा दरवाजा बंद केला. रुपयाची किंमत टिकली, चांदीची घसरली, आणि तीनच वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा त्याच वजनाच्या तोड्याचे पैसे कमी आले. बी. कॉम.ला हा प्रश्न मला सात मार्कांना होता. तोडे कुणाच्या पायातले हे पुस्तकात नव्हतं.

मी भीत भीत आईकडे रुपया मागितला. वाटलं, आता देव आठवतील. ती सुपारी कातरत होती. म्हणाली, "कुणाचे आहेत माहीत आहे का ते?"

माहीत नव्हतं. मग तिनं सांगितलं. तिचं माहेर बीडकडचं. १९७२ च्या दुष्काळात तिच्या आईनं पायातले तोडे मोडले. त्यावर वेलीची बारीक नक्षी होती, आई लहानपणी तिच्यावर बोट फिरवत झोपायची. सराफानं तोडे तागडीत टाकले, वजनाचे पैसे दिले. नक्षीचे धरले नाहीत. "मोडीला घडणावळ नसते, बाई," म्हणाला. हे तीन रुपये तेवढे मागे राहिले, ते आईच्या लग्नात तिच्या ओटीत आले.

मी गप्प झालो. कारण सोनेतारणाच्या काउंटरवर हेच वाक्य मी आठवड्यातून चार वेळा बोलतो. जरा गोड शब्दांत बोलतो, एवढंच.

"मग राहू दे, आई," मी म्हटलं.

"राहू दे कशाला? राणीला काय कळतंय? ठोक!"

ठोकला. आईची कोळशाची शेगडी माळ्यावरून काढली, फुंकणीनं निखारे फुलवले, डोळ्यांत राख घेतली. रुपया अंधुक तांबूस दिसेपर्यंत तापवला आणि पाण्यात सोडला. त्यातल्या तांब्यानं तो काळाठिक्कर पडला, तेव्हा सौ.नं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या प्रयोगाला साहित्य पुरवलं: चिंचेचं गरम पाणी. मग राणीचं तोंड खाली करून तो पाट्यावर ठेवला. पाट्याला आईनं कधीकाळी टाकी लावून घेतलेली. वरून हातोडा घातला की टाकीचे बारीक खड्डे खालून चांदीत उमटतात. आम्हांला ऐरण नव्हती हेच बरं झालं. गुळगुळीत ऐरणीवर ही नक्षी येतीच ना.

चांदी ठोकता ठोकता कडक होत जाते आणि पुन्हा तापवून मऊ करावी लागते, हे मला वाचून ठाऊक होतं. पण हात रंगात आला होता. एका कडेला बारीक चीर गेली तेव्हा थांबलो. एव्हाना खालच्या मजल्यावरचे काका वर आले होते. "फरशी बसवताय का?" मी पाट्यावरची चांदी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, आणि अतिशय सभ्यपणे, "छान, छान. कशाचा भाग आहे हा?" असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी ते आमच्या बँकेच्या पॅनेलवरच्या सराफांना दाखवलं. त्यांनी कसोटीवर घासलं, चष्मा वर केला. "चांदी चांगली आहे, साहेब. पण बिघडवलं कुणी?" मी म्हटलं, टेक्श्चर आहे. "असेल," म्हणाले, "मोडीला घडणावळ नसते."

नावाहोंकडेही तारण होतं. गरज पडली की कडं, कमरपट्टा व्यापाऱ्याच्या पेढीवर ठेवायचा, पीठ-साखर न्यायची, लोकर कातरली की सोडवायचा. लॉरेन्झो हबेलची गनाडोची पेढी आजही उभी आहे, सरकारनं ती राष्ट्रीय स्मारक म्हणून जपली आहे. अशा पेढ्यांवर एक रीत होती, ती वाचून मी खुर्चीतून उठलो. घरात धार्मिक विधी असला की व्यापारी तारणातला दागिना मालकाला घालायला देई. विधी आटोपला की तो दागिना परत पेढीवर येई. रजिस्टर नाही, दोन सह्या नाहीत, हेड ऑफिसची मंजुरी नाही! आमच्याकडे एखाद्या बाईनं "साहेब, लेकीच्या लग्नापुरती पाटली द्या" म्हटलं, तर मी नियमाचं कलम वाचून दाखवतो. दोन वेळा दाखवलंही आहे.

पदकाला खिळ्यानं भोक पाडलं, काळा दोरा ओवला. चिरेच्या बाजूला राणीची हनुवटी आणि गळ्याचा थोडा भाग अजून दिसतो. तिथं हातोडा पोचलाच नाही. मी तो पुन्हा ठोकायला निघालो होतो, पण कन्येनं हिसकावून घेतलं. ती ते कॉलेजात घालून जाते. मैत्रिणी कुठल्या दुकानातलं म्हणून विचारतात, आणि ती पत्ता सांगत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईनं ताम्हनात उरलेले दोन रुपये ठेवले आणि नातीपुढे हात केला. "काढ गं ते." कन्येनं दोरा मानेतून काढून दिला. दोन रुपयांशेजारी ते ठोकलेलं ध्यानही दुधानं न्हालं, हळदकुंकू लावून घेतलं. आरती झाल्यावर आईनं ते पदरानं पुसलं, पाट्याच्या खड्ड्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि पुन्हा नातीच्या गळ्यात बांधलं.

"पुढच्या वर्षी आणून ठेवायचं," ती म्हणाली. सही मात्र घेतली नाही.